पांढरं घर आणि थेम्स : इंग्लिश धाटणीचं नदीचं जलरंगचित्र रंगवायला शिकताना

जलरंगात नदी रंगवायला बसलेला नवशिका सर्वात आधी भरपूर निळा कालवतो. कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात तो निळा भरतो, वाळला की त्यावर बारीक ब्रशने लाटा काढतो, आणि मग पाणी पाण्यासारखं का दिसत नाही म्हणून वैतागतो. उपाय सांगायला सोपा आणि करायला अवघड आहे : नदी वेगळी रंगवायचीच नाही. आकाशाचा वॉश, म्हणजे भरपूर पाण्यात कालवून पसरवलेला पातळ रंगाचा थर, तसाच खाली आणायचा, मध्ये काठाची एक पट्टी घालायची, आणि पाण्याला शक्य तितका कमी ब्रश लावायचा.

हे शिकायला माझ्या मते एकच चित्र पुरतं. थॉमस गर्टिनचं ‘द व्हाइट हाउस ॲट चेल्सी’, साल 1800. लंडनच्या टेट संग्रहालयाकडे ते आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावर त्याची चांगली प्रतिमा मिळते. ती मोठ्या पडद्यावर उघडून समोर ठेवा. (लंडनला असाल तरी ते भिंतीवर दिसेलच असं नाही. उजेडाने जलरंग फिके पडतात, त्यामुळे संग्रहालयं अशी चित्रं बराच काळ अंधारात जपून ठेवतात.)

गर्टिन आणि टर्नर हे दोघंही इंग्लिश चित्रकार 1775 साली जन्मले, तरुणपणी डॉक्टर मन्रो नावाच्या चित्रप्रेमी गृहस्थांच्या घरी एकत्र बसून दुसऱ्यांच्या चित्रांच्या नकला करत. टर्नर पुढे पन्नास वर्षं रंगवत राहिला. गर्टिन 1802 मध्ये, सत्ताविसाव्या वर्षीच गेला. या चित्राबद्दल एक किस्सा सांगतात. एक विक्रेता टर्नरकडे आला आणि म्हणाला, खाली बग्गीत एक चित्र आहे, तुमच्या सगळ्या चित्रांहून सरस. टर्नरने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, मग ते गर्टिनचं ‘व्हाइट हाउस’ असणार. किस्सा खरा असो वा रचलेला, चित्र त्या तोडीचं आहे.

आधी नुसतं बघा

आकार 29.8 बाय 51.4 सेंटिमीटर, म्हणजे चांगलंच आडवं. संध्याकाळची वेळ. आज जिथे चेल्सी ब्रिज आहे त्याच्या आसपासच्या ठिकाणाहून थेम्सच्या वरच्या अंगाला पाहिलेलं दृश्य. डावीकडे पवनचक्की, लांबवर बॅटरसी ब्रिज, उजवीकडे चेल्सीचं जुनं चर्च. यातलं काहीही ठळक नाही. सगळी जमीन मिळून कागदाच्या मध्याखाली एक अरुंद गडद पट्टी होते, आणि त्या पट्टीत एकच छोटं घर पांढरंशुभ्र. त्याच्या खाली पाण्यात त्याचं प्रतिबिंब, उभं, लखलखीत. बाकी वर आकाश आणि खाली पाणी, दोन्ही जवळजवळ रिकामं.

आता अंगठ्याने ते घर झाकून बघा. चित्र लगेच मरगळतं. मग घर उघडं ठेवून काठाची गडद पट्टी झाकून बघा. घर पांढरं असूनही उजेड जातो. पांढऱ्याला पांढरेपण शेजारच्या गडदामुळे येतं, आणि ते गडद टिकतं ते आकाश-पाण्याच्या मधल्या राखाडीमुळे. तीन टोन, म्हणजे उजळ-गडदपणाच्या तीन पायऱ्या, बस. चित्र रंगवताना हातात एवढाच हिशोब ठेवायचा आहे.

सामान

कागदावर पैसे खर्च करा, बाकी सगळीकडे वाचवा. 300 जीएसएमचा (म्हणजे जाड), कोल्ड प्रेस्ड (किंचित खरबरीत), शक्यतो शंभर टक्के कॉटनचा कागद घ्या. शाळेच्या ड्रॉइंग बुकाच्या कागदावर हे चित्र होणारच नाही, कारण मोठा ओला वॉश पडला की तो कागद फुगतो आणि रंग खड्ड्यांत जाऊन साचतो. महाग वाटला तर मोठं शीट आणून त्याचे चार तुकडे करा. सुरुवातीला 15 बाय 26 सेंटिमीटरचा तुकडा पुरे. मूळ चित्राचंच प्रमाण आहे आणि वॉश आटोक्यात राहतो. तुकडा बोर्डवर चारही बाजूंनी मास्किंग टेपने घट्ट चिकटवा.

ब्रश तीन : बारा नंबरचा राऊंड, सहा नंबरचा राऊंड, आणि एक इंचाचा फ्लॅट. सिंथेटिक चालतील, फक्त टोक यायला हवं. दोन भांडी पाणी, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ. जुनं सुती फडकं. टिश्यू पेपरपेक्षा ते कधीही बरं.

रंग चार : यलो ऑकर, लाइट रेड, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन. ट्यूबमधले घ्या, लहान मुलांच्या केकच्या डबीतला रंग खडूसारखा बसतो. कॅमलचे आर्टिस्ट दर्जाचे रंग शिकायला उत्तम आहेत. अल्ट्रामरीन गर्टिनला आजच्यासारखं स्वस्तात मिळत नव्हतं, कारण कारखान्यात ते बनायला लागलं ते 1820च्या दशकात. त्याआधी हा रंग लाजवर्द दगडातून काढत आणि तो फार महाग असे. इंग्लंडचे चित्रकार तेव्हा राखाडी करायला सर्रास नीळ वापरत. हीच ती नीळ, त्या काळात बंगालमधून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून जाणारी. ती उजेडाला टिकत नाही. तांबड्यात नीळ मिसळून केलेल्या राखाडीतली नीळ उडून गेली आणि तांबडं मागे राहिलं, म्हणून गर्टिनच्या अनेक चित्रांतले ढग आज तांबूस दिसतात. 1888 मध्ये रसेल आणि ॲबनी या दोघांनी उजेडाचा जलरंगांवर काय परिणाम होतो याचा सविस्तर अहवाल इंग्लंडमध्ये दिला, तेव्हा कुठे या गोष्टीकडे गांभीर्याने पाहिलं गेलं. तात्पर्य, टेटच्या प्रतिमेतला गुलाबीपणा हुबेहूब उतरवायच्या मागे लागू नका. तो किती गर्टिनचा आणि किती काळाचा, हे डोळ्याने ठरत नाही. आजच्या ट्यूबवर ‘इंडिगो’ लिहिलेलं असतं ते सहसा दुसऱ्याच टिकाऊ रंगांचं मिश्रण असतं. हवं तर अल्ट्रामरीनऐवजी ते वापरा, राखाडी जास्त खोल येतो.

छोटं टोन-स्केच

ही पायरी सगळेच टाळतात. टाळू नका. वहीच्या पानावर पाच-सहा सेंटिमीटर उंचीचा आडवा चौकोन काढा आणि 4बी पेन्सिलने फक्त तीन टोन भरा : कोरा कागद, मधला राखाडी, गडद. कोरा कागद फक्त घर आणि त्याच्या प्रतिबिंबाला. मधला राखाडी आकाश-पाण्याला. गडद काठाला. झाडं, खिडक्या, ढग काही नाही. हात लांब धरून बघा. त्या इवल्याशा चौकोनात घर चमकत असेल तरच पुढे जा. चमकत नसेल तर काठ अजून गडद करा किंवा घर अजून लहान. बहुतेक वेळा घर मोठं झालेलं असतं.

घराची जागा ठरवताना ते बरोबर मध्यावर आणू नका, आणि काठाची रेघही कागदाच्या बरोबर मध्यातून नेऊ नका.

रेखाटन

एचबी पेन्सिल, हलका हात. काठाची पाण्याला टेकणारी रेघ आडवी, अगदी सपाट. ती तिरकी झाली तर नदी एका बाजूला सांडल्यासारखी दिसते आणि पुढे कितीही छान रंगवलं तरी सावरत नाही. पट्टीने काढली तरी कुणी काही म्हणणार नाही. काठाची वरची कड मात्र उंचसखल, हाताने. पवनचक्कीचा उभा आकार, घराचा चौकोन आणि छप्पर, आणि घराच्या थेट खाली प्रतिबिंबाच्या दोन पुसट उभ्या खुणा. खोडरबर फार घासू नका. कागदावरचं साइझिंग, म्हणजे रंग आत शोषला जाऊ नये म्हणून दिलेला खळीचा लेप, निघतं आणि नेमका तिथेच रंग डागाळतो.

पहिला वॉश : उबदार कागद

गर्टिनला खरबरीत, किंचित मातकट कागद आवडायचा, त्यामुळे त्याच्या चित्रात सगळ्या रंगांखाली एक ऊब असते. आपला कागद पांढरा आहे, म्हणून ती ऊब आपण आधी देऊन घेऊ. यलो ऑकरमध्ये लाइट रेडचा स्पर्श, भरपूर पाणी, चहाइतका पातळ. घर आणि प्रतिबिंब सोडून सगळा कागद यात भिजवा. क्षितिजाजवळ किंचित जास्त रंग, वर आणि खाली कमी. मग पूर्ण वाळू द्या.

पूर्ण म्हणजे पूर्ण. हाताची मागची बाजू कागदाला लावा. गार लागला तर तो अजून ओला आहे, चमक गेलेली असली तरी. इथे इंग्लंड आणि आपल्याकडचा फरक आड येतो. इंग्लिश चित्रकारांची सगळी पद्धत दमट, थंड हवेत घडली. वॉश हळू वाळतो, त्याच्याशी खेळायला वेळ मिळतो. एप्रिलमध्ये नागपूरला किंवा सोलापूरला बसून तोच वॉश लावाल तर कागदाच्या खालच्या टोकाला पोहोचेपर्यंत वरचा भाग वाळून कड पडलेली असेल. अशा वेळी सकाळी लवकर रंगवा, पंखा बंद ठेवा, आणि कागद चिकटवण्याआधी मागून ओलवून घ्या. कोकणात जुलैमध्ये उलटं, वॉश तासभर ओलाच. तिथे हेअर ड्रायर हवा, पण तो चमक गेल्यावरच, आणि हातभर लांबून. आधी मारला तर वाऱ्याने रंग ढकलला जातो.

दुसरा वॉश : आकाश आणि पाणी एकदमच

चित्राचा जीव इथे आहे. म्हणून यात घाई करू नका, आणि तयारीत कसर ठेवू नका.

अल्ट्रामरीन आणि लाइट रेड मिसळून राखाडी तयार करा. अर्धी वाटी तरी हवा, कारण वॉश अर्ध्यात संपला आणि पुन्हा कालवायला गेलात की तोच रंग दुसऱ्यांदा जमत नाही आणि मध्ये कड पडते. छटा एका जुन्या कागदावर तपासा. ओल्यात दिसतो त्यापेक्षा जलरंग वाळल्यावर बराच फिका होतो, तेव्हा हवा त्याहून एक पायरी गडद ठेवा. निळसर की जांभळट हे तुमच्यावर. मी निळ्याकडे झुकतं ठेवतो.

बोर्डच्या वरच्या बाजूखाली एखादं जाड पुस्तक ठेवा, म्हणजे उतार मिळेल. बारा नंबरचा ब्रश गच्च भरून वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू करा आणि आडवे फटकारे मारत खाली या. प्रत्येक फटकाऱ्याच्या खालच्या कडेला रंगाचा एक थेंब साचतो. पुढचा फटकारा त्या थेंबाला स्पर्श करत जातो आणि तो थेंब खाली ओढला जातो. हा थेंब जिवंत ठेवणं म्हणजेच वॉश. मागे वळून वर काहीही दुरुस्त करायचं नाही. क्षितिजाकडे येताना ब्रशमध्ये थोडं थोडं पाणी वाढवा, म्हणजे आकाश तिथे फिकट आणि आधीचा ऑकर त्यातून दिसतो.

काठाच्या पट्टीपाशी थांबू नका. सरळ तिच्यावरून जा. तिथे नंतर गडद रंग येणार आहे, खाली काय होतं ते कुणालाच दिसणार नाही. फक्त घराला वळसा घाला. पट्टी ओलांडली की आता पाणी. इथून ब्रशमध्ये हळूहळू रंग वाढवा, म्हणजे नदी लांबवर फिकट आणि आपल्या पायाशी गडद होते. प्रतिबिंबाच्या दोन्ही बाजूंनी ब्रश न्या आणि मधला पांढरा पट्टा कोरा ठेवा. त्याचं खालचं टोक स्वच्छ, जरासा ओलसर ब्रश फिरवून विरवा. तिथे कड नको. कागदाच्या तळाशी जमलेला थेंब पिळलेल्या ब्रशने टिपून घ्या, नाहीतर तो उलटा वर चढतो आणि दातेरी कडेचा डाग पडतो.

आता उठा, चहा करा. वाळत असताना ढग घालायचा मोह होईल. एवढ्या लांबीच्या रिकाम्या आकाशाची भीती वाटते, पण गर्टिनला ती वाटली नाही हे बघा.

काठ

अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, आधीपेक्षा बरंच दाट. लांबचा काठ, म्हणजे पूल आणि चर्च, निळसर आणि फिकट, एकच आकार म्हणून एका दमात. तो ओला असतानाच जवळच्या काठासाठी रंग दाट करा आणि त्याला भिडवा. मध्ये भेग नको. आत कुठे सिएना जास्त, कुठे निळा जास्त, एवढी विविधता पुरते. झाड, भिंत, होडीचा धक्का असं वेगळं मोजून रंगवलं की पट्टी तुटते. पवनचक्की याच पट्टीतून वर आलेली असते, नंतर चिकटवलेली नसते.

सर्वात गडद रंग घराला लागून. सहा नंबरच्या ब्रशच्या टोकाने घराची कड स्वच्छ कापून काढा. त्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये लक्ष ओता, बाकी काठ सैल सोडा. घर आतून रंगवू नका. खिडकीचा एक ठिपका घालावासा वाटेल. तो न घातलेलाच बरा.

प्रतिबिंब

इथे थोडं शास्त्र लागतं. प्रतिबिंब नेहमी वस्तूच्या थेट खाली पडतं, तिरकं कधीच नाही; तिरकी पडते ती सावली. काठावरच्या वस्तूचं प्रतिबिंब स्थिर पाण्यात साधारण तिच्याच उंचीचं दिसतं. पण पाणी जरा हललं की ते आपल्या बाजूला लांबत येतं, आणि म्हणूनच एवढ्याशा घराचा पांढरा पट्टा एवढा लांब शोभतो. साधारणपणे गडद वस्तूचं प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा थोडं उजळ दिसतं आणि उजळ वस्तूचं थोडं मंद.

करायचं असं. काठ वाळल्यावर फ्लॅट ब्रशने फक्त पाण्याचा भाग स्वच्छ पाण्याने एकदा ओलवा, प्रतिबिंबाचा पांढरा पट्टा सोडून. चमक उतरायला लागली की काठाचाच रंग थोडा पातळ करून, काठाच्या रेघेपासून खाली उभे, छोटे फटकारे मारा. ओल्या कागदावर ते आपोआप विरघळतील. लगेच एकदा, फार तर दोनदा, कोरड्या फ्लॅट ब्रशने आडवी झुळूक फिरवा. झालं. याच टप्प्यावर चित्रं सर्वात जास्त बिघडतात, कारण ओल्यात छान दिसतंय म्हणून आणखी एक फटकारा मारला जातो. ब्रश खाली ठेवता येत नसेल तर खोलीतून बाहेर जा.

पूर्ण वाळल्यावर पांढऱ्या पट्ट्याकडे बघा. तो घराइतकाच भडक वाटत असेल तर अगदी पातळ ऑकर-राखाडीचा एक हात त्यावरून फिरवा. घर तसंच कोरं.

शेवटचे गडद ठिपके

एक होडी, फार तर दोन. पाण्यातल्या रिकाम्या जागेत, घरापासून लांब. होडीच्या तळाशी बारीक गडद रेघ, तिच्या खाली लगेच प्रतिबिंब, एखादी उभी काठी. होडीत माणूस हवा असेल तर ब्रशच्या टोकाचे दोन टिपके : डोकं आणि धड. होडीला टेकणारं पाणी पुन्हा रंगवू नका.

चूक झालीच तर जलरंगात समजतात तितकं सगळं संपत नाही. डाग स्वच्छ पाण्याने ओलवा, मिनिटभर थांबा, फडक्याने दाबून उचला. एकोणिसाव्या शतकातले इंग्लिश चित्रकार असा ओलवलेला भाग पावाच्या तुकड्याने घासून उजळ करत, आणि पाण्यावरची चमक चाकूच्या टोकाने खरवडून काढत. ब्लेडने एखादी आडवी चमक खरवडायला हरकत नाही, पण शेवटीच. खरवडलेल्या कागदावर पुन्हा रंग नीट बसत नाही. पांढऱ्या पोस्टर कलरने घर वाचवायला मात्र जाऊ नका. मेलेलं दिसतं.

पुढे काय रंगवायचं

हेच चित्र तीन-चारदा करा, दरवेळी एक गोष्ट बदलून : एकदा काठ अधिक उंच, एकदा सकाळचा उजेड, एकदा घराऐवजी शीड. मग गर्टिनच्याच पिढीतल्या जॉन सेल कॉटमनचं ‘ग्रेटा ब्रिज’ उघडा. त्याच्या अनेक चित्रांसारखंच इथेही पूल, दगड, झाडं सगळं सपाट, धारदार कडेच्या वॉशच्या तुकड्यांनी बांधलंय. ओल्यात ओलं, म्हणजे ओल्या रंगात दुसरा रंग सोडणं, जवळजवळ नाहीच. गर्टिनच्या सरावानंतर ते करताना हात अगदी वेगळा चालवावा लागतो.

आपल्या नद्यांवर ही पद्धत उचलून न्यायची असेल तर उन्हं उतरल्यावरची वेळ निवडा. बाहेर बसून जलरंगात निसर्गचित्र करायची इंग्लिश रीत आपल्याकडे 1857 साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टसारख्या संस्थांमधून आली आणि कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांसारख्यांनी ती इथल्या पाण्याला, इथल्या उजेडाला जुळवून घेतली. वाईला किंवा मेणवलीला कृष्णेच्या घाटावर दुपारी बाराला बसलात तर पायऱ्यांवरचं ऊन आणि खालची सावली यांच्यात मधला राखाडी उरतच नाही, आणि हे सगळं तंत्र त्या मधल्या राखाडीवर उभं आहे. साडेसहाला तोच घाट पट्टीसारखा एक होतो.

झालेलं चित्र काचेच्या फ्रेममध्ये लावणार असाल तर माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, कापून घ्या, म्हणजे कागद काचेला चिकटत नाही. उन्हाच्या भिंतीवर टांगू नका. पावसाळ्यात कपाटात ठेवायचं झालं तर सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि सप्टेंबरमध्ये एकदा बाहेर काढून बुरशी बघा, विशेषतः कागद स्टार्चच्या खळीने बोर्डला चिकटवलेला असेल तर.